चौथा ठिपका

"कागदावर तीन आहेत," फोनवरचा आवाज म्हणाला, "आणि इथे चार आहेत."

"चार काय?"

"झाडं. लाल ठिपक्याची. तुम्ही तीन लिहिलीयत."

सोमवारची सकाळ, साडेआठ. माझ्या टेबलावर दुसरा फोन बोंबलत होता. काउंटरवर एक बाई कुत्र्याचं लायसन नाचवत उभी होती. घरात महिन्याचं बाळ असल्यामुळे मी तीन दिवस धड झोपलो नव्हतो. आज एकोणीस वर्षं झाली, पण तो फोन मला शब्दन्‌शब्द पाठ आहे. नको असलेलं बरं पाठ राहतं.

मेलबर्नच्या पूर्वेला वॅरनहिल म्हणून एक उपनगर, तिथल्या काउन्सिलच्या ऑफिसात मी तेव्हा कामाला होतो. काउन्सिल म्हणजे आपली नगरपालिकाच. कचरा, कुत्री, फुटपाथ आणि रस्त्याकडेची झाडं. मी झाडांच्या टेबलावर. नाव भालचंद्र टोणपे, पण तिथे सगळे मला 'बॉल' म्हणत आणि मीही ओ देत असे. त्या महिन्यात वादळ झालं, एक फांदी कुणाच्या मोटारीवर पडली, म्हणून धोक्याची झाडं पाडायची ठरली. आमचा पाहणीचा माणूस गल्लोगल्ली फिरून अशा झाडाच्या खोडावर छातीएवढ्या उंचीला लाल रंगाचा ठिपका मारायचा, आणि मागाहून कंत्राटदाराची टोळी येऊन ठिपक्याची झाडं पाडायची. टोळीच्या हातातल्या कागदावर नुसतं गल्लीचं नाव आणि आकडा. कारभार असा सोपा आणि गलथान होता. आणि तो पाहणीवाला नेमका आठवडाभर रजेवर गेला होता.

"चौथ्यावर लालच्या खाली पिवळंही काहीतरी आहे," फोनवरचा माणूस म्हणाला.

"रंगाचा डबा संपला असेल. ठिपका आहे ना?"

"आहे."

"मग घ्या की!"

असा फोन आला की वहीत नोंद करायची, हा नियम होता. कोण बोललं, किती वाजता, आपण काय सांगितलं. पण काउंटरवरची बाई ओरडली आणि मी वही उघडलीच नाही. त्याने गल्लीचं नावही सांगितलं होतं. बँक्सिया कोर्ट. माझीच गल्ली! कानावरून गेलं, डोक्यात शिरलं नाही.

संध्याकाळी गाडी गल्लीत वळवली आणि पाय आपोआप ब्रेकवर गेला. समोर आभाळ नको तितकं दिसत होतं. आमच्या घरासमोर, रस्त्यापलीकडे डोरीनबाई राहायच्या. त्यांच्या दारातल्या गवताच्या पट्टीवर एक निलगिरी होती. लिंबाच्या वासाची, दोन मजली घराच्या दुप्पट उंच, खोड पांढरंधोप आणि गुळगुळीत. आता तिथे परातीएवढा बुंधा होता, भोवती भुसा, आणि सगळ्या गल्लीभर लिंबाचा वास.

डोरीनबाई अठ्ठ्याहत्तरच्या. ते झाड त्यांच्या नवऱ्याने, रॉनने, लग्नाच्या वर्षी लावलेलं, काउन्सिलला न विचारता. रॉनला जाऊन चार वर्षं झाली होती. बाई रोज सकाळी अंगणात आल्या की आधी झाडाला हात लावायच्या, मग वर्तमानपत्र उचलायच्या.

आणि माझी आई, मेधाच्या बाळंतपणासाठी इस्लामपूरजवळच्या आमच्या गावाहून आलेली, पाच महिन्यांत फक्त त्या एका बाईशी जमवून बसली होती. रोज अकरा वाजता ही नऊवारीतली म्हातारी रस्ता ओलांडून जायची आणि दोघी व्हरांड्यात मटार सोलत बसायच्या. ही मराठीत बोलायची, ती इंग्रजीत. मी मधे भाषांतर करायला गेलो की दोघी मिळून मला गप्प करायच्या.

दार उघडलं तर आई समोरच बसलेली. डोळे लाल.

"पाडलं रे मेल्यांनी! मी बाळाला न्हाऊ घालत होते. करवतीचा आवाज आला, म्हटलं दुसरं कुठलं तरी असेल. बाहेर येऊन बघते तर आडवं. ती बिचारी डोळ्याच्या डॉक्टरकडे गेलेली. आली आणि रस्त्यातच खाली बसली."

"आई, तू जेवलीस का?"

"जेवण कसलं घेऊन बसलास! अरे, कुंकू लावलेलं झाड होतं ते. कुंकू लावलेल्या झाडावर करवत चालवायला हात कसा धजला त्या मुडद्यांचा?"

मी बुटाची नाडी सोडत होतो. हात तिथेच थांबला.

"काय लावलेलं?"

"हळदीकुंकू. काल सकाळी, आंघोळ झाल्यावर. गल्लीतली झाडं पाडणार म्हणून शनिवारी ती रडत होती की रे, झाडाला धरून. असं असं करून दाखवत होती करवतीचं. म्हटलं, आपल्याला दुसरं काय येतंय? हळद लावली, ओलं कुंकू लावलं चांगलं रुपयाएवढं, अक्षता डकवल्या. शाळेपुढचा वड माझ्या सासूनं असाच नाही का वाचवला? रस्ता रुंद करायचा होता, तर हिनं पहाटे जाऊन शेंदूर फासला. ओव्हरसियर आला, बघितलं, हात जोडले आणि रस्ता वळवून नेला. अजून वाकडाच आहे तिथं रस्ता!"

लाल ठिपका. खाली पिवळं. आईची उंची बेताची, तिने हात वर करून लावलं असणार, म्हणजे बरोब्बर छातीएवढं.

आत जाऊन मी मेधाला सगळं सांगितलं. ती बाळाला पाजत होती. ऐकता ऐकता तिने पदर डोळ्याला लावला, पण लगेच सावरली. माझी बायको माझ्यापेक्षा व्यवहारी.

"आईंना सांगू नकोस," ती म्हणाली. "त्या अन्न सोडतील. आणि ऑफिसात तर अजिबात नको. पंधरा दिवसांत तुझं कायम व्हायचं पत्र यायचंय. ते आलं नाही तर इथं राहायचा अर्ज अडकला. मग काय, हे एवढंसं घेऊन परत जायचं? झाकली मूठ सव्वा लाखाची."

"आणि कुणी विचारलं तर?"

"कोण विचारणार? झाड गेलं, खूण गेली. सगळा भुसा झाला."

मला ते पटलं. पटवून घेतलं म्हणा.

मंगळवारी दहा वाजता माझे साहेब, ट्रेव्हर, टेबलाशी आले. उंच, सावकाश बोलणारा माणूस. त्यांच्या हातात कागद होता.

"बँक्सिया कोर्टात एक झाड जास्त पाडलंय. टोळीचा मुकादम म्हणतो, खूण होती. आणि म्हणतो, मी ऑफिसात फोन करून विचारलं होतं. सिओने नाव आहे त्याचं. काल सकाळी असा फोन तू घेतलास?"

माझ्या शेजारी दोन टेबलं होती. तिथल्या दोघांनी आधीच नकारार्थी मान हलवली होती.

"वहीत बघतो," मी म्हणालो, आणि खरंच वही काढून पानं उलटली. आपणच न लिहिलेली नोंद आपणच शोधायची, याला काय म्हणावं! "नाही सर. नोंद नाही."

"नोंद नाही ते मीही पाहिलं. तुला आठवतंय का?"

"नाही."

एक शब्द. त्याला दोन क्षणही लागले नाहीत.

"मग अवघड आहे त्याचं," ट्रेव्हर म्हणाले. "अकरा वर्षं या कामावर आहे. कंत्राटदार म्हणतोय, गुरुवारच्या सभेत काउन्सिलनं ठपका ठेवला तर त्याला काढावंच लागेल. ती म्हातारी सभेत प्रश्न विचारणार आहे." जाता जाता ते थांबले. "तुझं पत्र माझ्या टेबलावर आहे, बॉल. शुक्रवारी सही करतो."

दुपारी डबा उघडला. आईने मेथीची भाजी दिली होती. घास तोंडात फिरायला लागला, गिळवेना. डबा तसाच झाकून ठेवला आणि घरी जायच्या आधी कचऱ्यात ओतला, कारण भरलेला डबा परत नेला असता तर आईने विचारलं असतं.

तरी तिने विचारलंच, दुसरं. "सापडला का रे तो? कुणी पाडलं ते?"

"चौकशी चालू आहे."

"सापडेल. खाई त्याला खवखवे. असा माणूस लपत नसतो, बघ तू."

चोराच्या मनात चांदणं म्हणतात. मला तर ती बोलली की भर दुपारचं ऊन पडल्यासारखं वाटे. मी उठून मोरीत जाऊन तोंड धुतलं.

बुधवारी मी ऑफिसातून लवकर निघालो आणि सरळ डोरीनबाईंकडे गेलो. म्हटलं, बाई सभेत काय बोलणार याचा अंदाज घ्यावा. खोटं कशाला बोलू, त्यांचं सांत्वन करायला मी गेलो नव्हतो.

"ये, बॉल," त्या म्हणाल्या. दोन दिवसांत दहा वर्षांनी म्हाताऱ्या झाल्या होत्या. "बस. हे बघ, मी काय ठेवलंय."

जेवणाच्या टेबलावर भांडी पुसायच्या फडक्याखाली काहीतरी गोल होतं.

"त्या मुकादमानं कापून दिलं. चांगला मुलगा आहे. मी म्हटलं, सगळं नेलंत, खुणेचा तुकडा तरी मला ठेवा. खूण होती तिथली बशीएवढी चकती दिली कापून, सालीसकट. उद्या सभेत दाखवणार आहे. कारण हा काउन्सिलचा रंग नाही. मला कळतं. माझा रॉन रंगारी होता."

मी खुर्ची ओढून बसलो.

"मग कसला आहे?"

"तेच तर विचारायचंय त्यांना. चहा घेतोस?"

त्या आत गेल्या. किटलीत पाणी पडल्याचा आवाज आला. मी फडकं उचललं. पांढऱ्या सालीवर आईच्या बोटाने काढलेला कुंकवाचा गोल, इतका रेखीव की देव्हाऱ्यातल्या कलशावरचा असावा. त्याखाली हळद. तांदळाचे दोन दाणे अजून चिकटलेले. आईने किती मनापासून लावलं असेल ते दिसत होतं.

आणि मी अंगठा जिभेला लावून ओला केला, आणि घासला.

पुसलं जाईना. कुंकू फरफटलं, ठिपक्याला शेपूट फुटलं, एक दाणा निखळून टेबलाखाली पडला. माझा अंगठा लालभडक झाला. आत कपबशा वाजल्या. मी फडकं टाकलं आणि उजवा हात पँटच्या खिशात घातला.

"साखर दोन ना?" डोरीनबाई ट्रे घेऊन आल्या.

"हो."

मी चहा प्यालो. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, फडक्याकडे पाहिलं आणि बिस्किटांची बशी पुढे केली.

"उद्या आम्हाला गाडीनं नेशील का सभेला? मला आणि तुझ्या आईला. ती शेजारी असली की मला धीर येतो."

नाही म्हणायला काही कारणच सुचेना.

काउन्सिलची सभा संध्याकाळी साडेसहाला. सुरुवातीला लोकांनी प्रश्न विचारायचे, प्रत्येकाला तीन मिनिटं. एरवी पाच-सहा डोकी असायची. त्या दिवशी आमची अर्धी गल्ली आली होती. आईने इरकली नेसलेली, डोक्यावरून पदर. ती डोरीनबाईंचा हात धरून दुसऱ्या रांगेत बसली, तिच्या पलीकडे मी. मागच्या भिंतीशी एक आडदांड माणूस टोपी गुडघ्यावर ठेवून बसला होता. शर्ट इस्त्रीचा, गळ्यापर्यंत बटणं लावलेली. मी त्याला कधी पाहिलं नव्हतं, तरी ओळखलं. सिओने. टोपी सारखी फिरवत होता. आईने विचारलं तेव्हा मी सांगितलं, झाड पाडणारा मुकादम हाच, आणि याला कामावरून काढणार आहेत.

आधी ट्रेव्हर उठले. भिंतीवरच्या पडद्यावर त्यांनी फोटो लावले. बँक्सिया कोर्टाच्या पार दुसऱ्या टोकाची तीन झाडं, पाडण्याआधीची, प्रत्येकाच्या खोडावर लाल ठिपका.

"ही आमची तीन झाडं," ते म्हणाले. "चौथ्यावर आम्ही खूण केली नव्हती. मुकादम म्हणतात, खूण होती आणि आपण ऑफिसला विचारलं. अशा फोनची आमच्याकडे नोंद नाही."

आईला यातलं अक्षर कळलं नाही. पण डोळे होतेच की. तिने माझं मनगट धरलं.

"भालू, त्या झाडांवर ते लाल कशाचं?"

"नंतर सांगतो, आई."

मग डोरीनबाई उठल्या. पुढे गेल्या, टेबलावर चकती ठेवली आणि फडकं काढलं.

"ही तुमची खूण नाही," त्या महापौरबाईंना म्हणाल्या. "खाली पिवळं आहे. हात लावला तर लाल सुटतं. कुणीतरी माझ्या झाडावर ही खूण केली. माझा कुणाशी वैरभाव नाही. मला फक्त कळू दे, कुणी केली आणि का. त्या मुलाला तुम्ही काढणार असाल तर आधी हे शोधा."

आईने चकती पाहिली. मग पडद्यावरचे ठिपके पाहिले. परत चकती. माझ्या मनगटावरची तिची बोटं ढिली झाली.

"म्हणजे इथं लाल लावलेलं पाडतात?" ती हळूच म्हणाली.

मी होकारार्थी मान हलवली.

"मी तुला विचारलं होतं, भालू."

विचारलं होतं. एवढं मी आजवर कुणाला सांगितलं नाही, मेधालाही नाही. रविवारी सकाळी मी लॅपटॉप घेऊन बसलो होतो. आई करंडा हातात घेऊन माझ्यासमोर उभी राहिली आणि म्हणाली, "अरे, डोरीबाईचं झाड पाडणार का रे? कुठलं पाडायचं ते त्या लोकांना कळतं कसं?" डोरीनबाईंचं झाड यादीत नव्हतं. यादी मीच टाइप केली होती. "तिचं नाही पाडणार, ठिपक्याचं पाडतात" एवढं बोलायला किती वेळ लागला असता? मी मानही वर केली नाही. म्हणालो, "तुला काय करायचंय आई? तुला नाही कळायचं ते." ती करंडा घेऊन बाहेर गेली.

आता ती सभागृहात उभी राहिली. पदर सावरला. एवढ्या लोकांत तोंड उघडायची तिची जन्मातली पहिलीच वेळ असेल.

"बाई, ते मी लावलं," ती मोठ्याने म्हणाली, मराठीत. "ह्या हातानं लावलं. झाड वाचावं म्हणून. करायला गेले गणपती आणि झाला मारुती. त्या मागच्या पोराची काही चूक नाही. त्याला नका काढू."

सगळे तिच्याकडे पाहायला लागले. महापौरबाईंनी चष्मा वर केला.

"या काय म्हणताहेत? कुणी सांगू शकेल का?"

मी उभा राहिलो. त्या हॉलमध्ये मराठी कळणारा दुसरा एकही माणूस नव्हता. पहिल्या रांगेत ट्रेव्हर मागे वळून बघत होते. पत्रावर उद्या सही होणार होती. आईचं म्हणणं माझ्या तोंडातून बाहेर पडेल तेवढंच खरं होणार होतं.

"ती म्हणतेय," मी म्हणालो, "झाड गेल्याचं तिला फार वाईट वाटतंय."

"थँक यू," महापौरबाई म्हणाल्या. डोरीनबाईंनी डोळे पुसले आणि आईकडे पाहून मान हलवली. लोक सैल झाले. मी खाली बसलो.

आई बसली नाही. ती डोरीनबाईंच्या तोंडाकडे बघत राहिली. मग माझ्याकडे वळली.

"सांगितलं नाहीस तू."

"सांगितलं आई. बस."

"नाही सांगितलंस. सांगितलं असतंस तर ती माझ्याकडं अशी मायेनं बघितली नसती." तिचा आवाज चढला नाही, उलट उतरला. "उठ. जसंच्या तसं सांग. नाहीतर मी आज घरी यायची नाही."

मी उठलो. मागे टोपी फिरायची थांबली होती.

"मी चुकीचं सांगितलं," मी म्हणालो. "ती म्हणतेय, ती खूण तिने केली. आमच्याकडे झाडाला असं हळदीकुंकू लावलं की त्याला कुणी हात लावत नाही. झाड वाचावं म्हणून लावलं. आणि सोमवारी सकाळी मुकादमांनी फोन केला होता. खरंच केला होता. तो मी घेतला. ठिपका आहे तर पाडा, असं मी सांगितलं आणि नोंद केली नाही. मंगळवारी मला साहेबांनी विचारलं, तेव्हा मी नाही म्हणालो."

कुणीतरी खुर्ची सरकवली. ट्रेव्हर पुढे वळून बसले, मला फक्त त्यांची मान दिसत होती. सिओनेने टोपी डोक्यावर घातली, परत काढली आणि दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं. एवढा दांडगा माणूस, खांदे गदगदत होते. महापौरबाई काहीतरी लिहीत होत्या. डोरीनबाईंनी चकती फडक्यात गुंडाळली, दोन वेळा गाठ मारली आणि आमच्याकडे न बघता बाहेर गेल्या.

मला वाटलं त्या चालत जातील. पण त्या गाडीशी उभ्या होत्या. मी मागचं दार उघडलं. त्या बसल्या, आई पलीकडून बसली, मधे ती चकती. अर्धा रस्ता मागे पडला.

"बुधवारी तू डाव्या हातानं चहा प्यालास, बॉल," डोरीनबाई म्हणाल्या.

मला आरशात त्यांच्याकडे बघवेना. "तुम्हाला माहीत होतं?"

"तू गेल्यावर फडकं उचललं. ठिपका गोल होता, तो लांब झाला होता. का ते कळलं नाही. पण तुला काहीतरी माहीत आहे, एवढं कळलं."

"मग तेव्हाच का बोलला नाहीत?"

"वाटलं, तू बोलशील. म्हणून तर म्हटलं, गाडीनं तूच ने."

"काय म्हणते ती?" आईने विचारलं.

"म्हणते, मला आधीच संशय आला होता."

"येणारच," आई म्हणाली. मग तिने डोरीनबाईंच्या हातावर हात ठेवला. मला वाटलं, त्या हात काढून घेतील. त्यांनी काढला नाही. धरलाही नाही. तसाच राहू दिला.

सिओनेची नोकरी राहिली. माझं पत्र आलं नाही. ट्रेव्हरनी वाईट शब्द काढला नाही, महिनाअखेरीपर्यंत काम करू दिलं, एवढंच. पुढे दुसऱ्या गावी काम मिळालं, अर्ज दोन वर्षं रखडला, मेधाने पुष्कळ सोसलं आणि एकदाही टोमणा मारला नाही. आईने मात्र मला तेव्हा आठवडाभर फक्त कामापुरतं विचारलं. जेवलास का, दूध आणलंस का. रस्ता ओलांडून जायचंही तिने बंद केलं. अकरा वाजले की खिडकीशी उभी राहायची आणि परत फिरायची.

पुढच्या शनिवारी सकाळी ती खिडकीतून ओरडली, "भालू, हे बघ काय!"

बुंध्यावर लाल ठिपका होता. उरलेला बुंधा खरवडून काढायचा म्हणून काउन्सिलचा माणूस आदल्या दिवशी मारून गेला होता. मी काही बोलायच्या आत आई स्वयंपाकघरातून घासणी आणि चिंच घेऊन बाहेर पडली, न थांबता रस्ता ओलांडून गेली आणि बुंध्यापाशी बसून घासायला लागली. तांब्याचा बंब घासावा तशी.

समोरचं दार उघडलं. डोरीनबाई पायरीवर उभ्या राहिल्या. मग आत गेल्या. दार लागलं तेव्हा मला वाटलं, संपलं. पण त्या परत आल्या, हातात रॉनचा जुना टर्पेंटाइनचा डबा आणि चिंध्या. आईच्या शेजारी गुडघे टेकून बसल्या आणि दुसऱ्या बाजूने पुसायला लागल्या. एक मराठीत पुटपुटत होती, एक इंग्रजीत.

मी रस्ता ओलांडून गेलो. आईने कपाळावरचा घाम दंडाने पुसला आणि आठवड्यात पहिल्यांदा माझ्याकडे सरळ पाहिलं.

"जात नाही रे हा. कशाचा असतो?"

मी गवतावर तिच्याजवळ बसलो आणि सांगायला लागलो. रंग कसला असतो, तो कोण मारतं, कुठल्या झाडाला मारतात, यादी कोण करतं, कागद कुठून कुठे जातो, फोन कोण घेतं. सगळं सांगितलं, पहिल्यापासून. ती घासत घासत ऐकत होती आणि मधे मधे "बरं, मग?" म्हणत होती.